वही की ॲप? डोक्यातलं ओतायचं कुठे?

चौथी_सीट:
मंडळी, मी ॲपांना कंटाळलोय. कामांची यादी ठेवायचं वंडरलिस्ट मस्त चाललं होतं, मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये शटर ओढलं. मग टिपणं ठेवायच्या एव्हरनोटवर गेलो तर २०२३ च्या शेवटी त्यांनी फुकटवाल्यांना पन्नास नोटांवर आणून ठेवलं, माझ्या आठशेच्या वर होत्या, नवीन टाकायची सोयच गेली. आता खिशात छोटी वही आणि बॉलपेन, बास. वही कोणी विकत घेऊन बंद करत नाही. खोडून दाखवा.

कटिंग_बिनसाखर:
खोडतो ना. सकाळी ठाण्याला लोकलमध्ये चढ, बॅग पोटावर, एक हात वर हँडलला, आणि मग काढ तुझी वही. तुला निदान तिघांच्या बाकावर टेकायला चौथी सीट तरी मिळते, आम्ही उभेच. मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकतो, तोही बोलून, अंगठासुद्धा लागत नाही.

माहेर_गिरगाव:
बोलून टायपिंगचं नाव काढू नका. मी म्हटलं "रविवारी नळवाल्याला फोन करणे", उमटलं "रविवारी नवऱ्याला फोन करणे", आणि नवरा शेजारी बसून वाचतोय. आमच्याकडे भिंतीवर कालनिर्णयच. दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला, मावशींची सुट्टी, सगळं त्या त्या चौकोनात. येता-जाता दिसतं, उघडावं लागत नाही. ॲप उघडायचं लक्षात राहिलं असतं तर काम नसतं का राहिलं लक्षात?

बॅकलॉग_बहाद्दर:
ताई, चौकोनात तारखेचं काम मावतं, आंघोळ करताना सुचलेली आयडिया कुठल्या चौकोनात घालणार? डेव्हिड ॲलनची जीटीडी (गेटिंग थिंग्ज डन) ही कामं उरकायची पद्धत २००१ पासून हेच सांगतेय, वही की ॲप हा मुद्दाच नाहीये, सुचलं की एका ठरलेल्या जागी टाका, दोन मिनिटांत होणारं लगेच उरका आणि आठवड्यातून एकदा सगळं उपसा. मानसशास्त्रज्ञ झायगार्निकबाईंनी १९२७ लाच दाखवलंय की अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात, म्हणून तर ती डोक्यात भुणभुणतात.

कुर्ला_तुंबलं:
वहीवाल्यांनो, जुलैत भेटा. गुडघाभर पाण्यातून घरी आलो तर जेल पेनाचं निळं सरबत झालं होतं.

चौथी_सीट:
म्हणून बॉलपेन म्हटलं. नीट वाचत जा रे.

कटिंग_बिनसाखर:
झायगार्निक हल्ली कुणीही उठून फेकतं. तो प्रयोग नंतर बऱ्याच जणांनी करून पाहिला, काहींना तसं दिसलं, काहींना नाही. त्यापेक्षा मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचा २०११ चा अभ्यास घे, काम न उरकताही ते कधी आणि कसं करणार एवढं ठरवलं तरी भुणभुण कमी होते. म्हणजे नुसतं "गिझर" लिहून काय होणार, "शनिवारी सकाळी गिझरवाल्याला फोन" असं लिहा की. आणि आठवड्याचं उपसणं म्हणाल तर, रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा तरी बसा घरी.

चौथी_सीट:
कटिंगचं वाचून आत्ता वही उघडली. मधल्या एका पानावर माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून, "त्याला विचारणे, अर्जंट". तारीख नाही. कोणाला, काय, काही आठवत नाहीये. बायको म्हणते सोसायटीच्या सेक्रेटरीला असेल, टाकीचं. वही सोडणार नाही पण.