प्लेट अंपायरचा झोन इनिंगागणिक बदलतो, मैदानावर यावर काय करता येईल?

डगआउट_कळंब

नमस्कार मंडळी. शालेय बेसबॉलच्या विभागीय स्पर्धांची तयारी सुरू आहे आणि दरवर्षीचा प्रश्न पुन्हा समोर आहे. होम प्लेटमागच्या पंचाचा स्ट्राइक झोन (बॅटरसमोरची जी जागा चेंडूने गाठली तर स्ट्राइक, नाहीतर बॉल) सारखा राहत नाही. गुडघ्याजवळचा चेंडू पहिल्या इनिंगला स्ट्राइक, चौथ्या इनिंगला बॉल. बाहेरच्या कडेचा एका पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) मिळतो, दुसऱ्याला नाही. पोरं विचारायलेत, "सर, मारायचं का सोडायचं?" आणि उत्तर देता येत नाही. झोन मोठा असो की लहान, दोन्ही संघांना शेवटपर्यंत सारखा असला म्हणजे झालं.

अमेरिकेच्या मेजर लीगने २०२६ पासून मशीनकडे दाद मागायची सोय केली आहे. ती नेमकी कशी चालते? आपल्याकडे काळ्या मातीचं मैदान, दोन पंच, कॅमेरे नाहीत. यातलं काय उचलता येईल? पंचांना नावं ठेवायची नाहीत. त्यांच्याही कामी येईल असं सांगा.

पहाटेचा_सामना

मेजर लीगमध्ये कॉल अजूनही अंपायरच देतो. प्रत्येक संघाला सामन्याच्या सुरुवातीला दोन आव्हानं असतात. बॅटर, पिचर किंवा कॅचर (बॅटरमागे चेंडू पकडणारा), एवढ्या तिघांपैकीच कुणीतरी आव्हान द्यायचं, तेही कॉल झाल्याबरोबर टोपीवर किंवा हेल्मेटवर थाप मारून. डगआउटकडे (संघाच्या बाकाकडे) बघून विचारायचं नाही. आव्हान खरं ठरलं तर शिल्लक राहतं, चुकलं तर गेलं. जादा इनिंगमध्ये आव्हानं संपलेल्या संघाला प्रत्येक इनिंगला एक मिळतं.

मशीनचा झोन १७ इंच रुंद. वरची मर्यादा बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्के, खालची २७ टक्के, आणि चेंडू तपासायची जागा प्लेटच्या मध्यावर, म्हणजे पुढच्या कडेपासून साडेआठ इंच आत. नियमपुस्तकातला झोन याहून वेगळा आहे. तो प्लेटवर उभा केलेला पाचकोनी खांब. वर खांदे आणि पँटची कड यांचा मध्य, खाली गुडघ्याच्या वाटीखालची खोलगट जागा, आणि हे सगळं बॅटर मारायच्या पवित्र्यात असताना धरायचं. त्यामुळे पुढच्या कडेवर गुडघ्याला शिवून खाली पडणारा कर्व्ह (वळणारा चेंडू) पुस्तकाप्रमाणे स्ट्राइक असतो, पण मशीनच्या मध्यरेषेवर तोच बॉल ठरू शकतो.

कोरियाच्या लीगने २०२४ पासून सगळेच कॉल मशीनकडे दिले. मला आव्हानाची पद्धत जास्त पटते. २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (हंगामाआधीच्या सराव सामन्यांत) झालेल्या आव्हानांपैकी ५२.२ टक्के खरी ठरली. म्हणजे अगदी खात्री वाटली तेव्हाच थाप मारणारा व्यावसायिक खेळाडूसुद्धा जवळजवळ निम्म्या वेळा चुकला. हा आकडा पोरांना जरूर सांगा.

एका गोष्टीवर मात्र असहमत. "सारखा असला म्हणजे झालं" हे पुरेसं नाही. १९९७ च्या नॅशनल लीग (मेजर लीगचा एक गट) अंतिम मालिकेतला पाचवा सामना काढून बघा. प्लेटमागे एरिक ग्रेग, पिचर लिव्हान हर्नांडेझ, १५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). शेवटचा चेंडू डावखुऱ्या मॅकग्रिफच्या बॅटच्या आवाक्याबाहेर होता आणि स्ट्राइक दिला गेला. समोर मॅडक्ससारखा पिचर होता, झोन त्यालाही रुंदच होता, तरी त्या सामन्याची तक्रार आजही होते. झोन सारखाही हवा आणि प्लेटवरही हवा.

फक्की_आणि_सुतळी

मशीनचं राहू द्या, आधी प्लेट नीट बसवा. झोनची निम्मी भांडणं प्लेट चुकीची बसल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत आहे.

पिचिंग रबरपासूनचं (पिचर उभा राहतो त्या पट्टीपासूनचं) १८.४४ मीटर अंतर प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत मोजायचं. बरेच जण टेप पुढच्या कडेला लावतात. प्लेट पुढून मागे ४३ सेंटीमीटर आहे, तेवढंच अंतर वाढतं आणि कर्व्ह आणखी खाली येतो. पंचाला तो रोजच्यासारखा दिसत नाही, पिचरलाही कळत नाही की आज सगळे चेंडू खाली का जायलेत. चौक तपासायला टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत टेप धरा: ३८.८० मीटर. हे जुळलं नाही तर चौक बिघडला आहे किंवा प्लेट जागेवर नाही.

रबरी प्लेटला काळी उतरती किनार असते. ती १७ इंचांत धरायची नाही. बॅटरच्या चौकटीची आतली रेघ प्लेटपासून १५ सेंटीमीटरवर हवी. काळ्या मातीत दोन इनिंगमध्ये ही रेघ पुसते, बॅटर आत सरकतो आणि त्याच्या पायांवरून अंदाज घेणारा पंच आतला चेंडूही बॉल म्हणू लागतो. म्हणून तिसऱ्या आणि पाचव्या इनिंगआधी फक्की पुन्हा मारा. प्लेटखाली मुरूम ठोकून घ्या, नाहीतर पावसानंतर तिची एक बाजू खचते. प्लेट झाडायचा ब्रश पंचाच्या खिशात असतोच, पण तो वापरायला वेळ द्या, घाई करू नका.

प्लेटमागून

आता पंचाच्या बाजूने. झोन बदलतो तो बहुतेक वेळा डोकं हलल्यामुळे. नजर तीच असते, पण जागा बदलली की तोच चेंडू वेगळा दिसतो.

उभं राहायची जागा कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत, नाक प्लेटच्या आतल्या कडेच्या रेषेत. डोळे झोनच्या वरच्या मर्यादेच्या पातळीला. हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वर राहील एवढी उंची धरली की हे साधारण जमतं. त्याहून खाली बसलात तर बाहेरचा खालचा चेंडू कॅचरच्या डोक्याआड जातो आणि मग कॉल चेंडूवरून न देता ग्लोव्हवरून दिला जातो. हुशार कॅचर नेमकं तेव्हाच ग्लोव्ह आत ओढतो.

डोकं थांबलेलं, डोळे चेंडूसोबत. १२० किलोमीटर वेगाचा चेंडू सुटून प्लेटपर्यंत यायला अर्धा सेकंद लागतो, मान वळवायला वेळच नाही. चेंडू ग्लोव्हमध्ये गेला, थांबला, मग मनात कॉल, मग तोंडाने. घाईचा कॉल हा चेंडू पोचायच्या आधी केलेला अंदाज असतो, आणि कर्व्हवर हा अंदाज हमखास फसतो.

दुसरं कारण काउंट, म्हणजे आधी झालेले बॉल आणि स्ट्राइक (३-० म्हणजे तीन बॉल, शून्य स्ट्राइक). ३-० असताना झोन फुगतो, ०-२ असताना आकसतो. मेजर लीगच्या मोजलेल्या चेंडूंत हे स्पष्ट दिसतं, आणि ते पंच वर्षानुवर्षं हेच काम करतात. उपाय छोटा आहे. कॉल दिल्यावर इंडिकेटरवर (हातातल्या मोजणीच्या चकतीवर) काउंट फिरवा, सांगा आणि पिचर रबरवर येईपर्यंत डोक्यातून काढून टाका. चेंडू येताना मनात "आता चौथा बॉल दिला तर" असं काही नको.

तिसरं म्हणजे थकवा. ऑक्टोबरच्या उन्हात छातीला पॅड, तोंडाला मास्क, सात इनिंग. चौथीपासून मांड्या भरून येतात, पंच अर्धवट ताठ उभा राहतो आणि खालची कड हरवते. तुमचा "चौथ्या इनिंगला बॉल" इथून येत असावा. आयोजकांनी एकाच पंचाला लागोपाठ दोन सामने प्लेटमागे लावू नयेत. बेसवरचा आणि प्लेटचा पंच सामन्यागणिक बदलावा, दर इनिंगनंतर पाणी द्यावं. याला पैसे लागत नाहीत.

सरावासाठी प्लेटच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवून दोन आडव्या इलॅस्टिकच्या दोऱ्या बांधा. चेंडूचा कुठलाही भाग झोनला शिवला तरी स्ट्राइक, म्हणून एका बाहेरच्या काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रुंदी ५८ सेंटीमीटर धरा: प्लेटचे ४३ आणि दोन्हीकडे चेंडूचे साडेसात. बॅटर न ठेवता ३० चेंडू टाका. कॉल नको, पंचाने फक्त चेंडू कुठून गेला ते सांगायचं. मग दोऱ्या काढून तेच पुन्हा.

स्कोअरबुक_परभणी

सगळ्यांचं पटतं, पण आधी कुठे चुकायलंय ते कळल्याशिवाय दुरुस्ती कशाची करणार?

कागदावर नऊ घरांची चौकट काढा, बाहेर चारही बाजूंना एकेक पट्टी ठेवा. न मारलेला प्रत्येक चेंडू त्या जागी नोंदवा: कॉल, काउंट, इनिंग, बॅटर डावखुरा की उजवा. नोंदणारा मागच्या जाळीच्या पलीकडे, प्लेटच्या रेषेत बसलेला हवा. डगआउटमधून बाहेरची कड दिसतच नाही, तिथून झालेली ओरड धरू नका. पट्टीत पडलेल्या चेंडूंचेच कॉल तुलनेला घ्या. चुका एकाच बाजूला असतील तर पंचाची जागा चुकली आहे. चौथीपासून वाढल्या तर थकवा. काउंटप्रमाणे बदलल्या तर प्लेटमागून यांनी वर सांगितलेलं कारण. आणि एकाच संघाविरुद्ध वाटल्या तर आधी त्या संघाचा कॅचर कसा बसतो ते बघा. तो चेंडू पकडताना ग्लोव्ह खाली नेत असेल तर चांगले स्ट्राइक तोच घालवतो.

गुण देताना अगदी कडेचे चेंडू सोडून द्या. मेजर लीगमध्येही अंपायरच्या मूल्यमापनात झोनच्या कडेला सवलत असते. आधी ती दोन इंच होती, २०२५ पासून पाऊण इंच केली. आपण एक चेंडूभर सूट धरली तरी खरी विसंगती वर येते.

डगआउट_कळंब

खूप आभार. सराव सामन्यात थाप मारायची पद्धत मोबाईलवर चालेल का? आणि सामन्यात शंका आली तर पंचांशी बोलायचं कसं?

स्कोअरबुक_परभणी

चालेल, पण फक्त उंचीसाठी. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात. १२० च्या वेगाला दोन फ्रेममध्ये चेंडू १.१ मीटर पुढे जातो, म्हणजे प्लेटवरचा चेंडू दिसतही नाही. स्लो मोशनला २४० फ्रेम ठेवा, मग १४ सेंटीमीटर. उजव्या बॅटरला मोबाईल पहिल्या बेसच्या बाजूला, डावखुऱ्याला तिसऱ्या बेसच्या, प्लेटच्या मध्याच्या सरळ रेषेत, जमिनीपासून ६५ ते ७० सेंटीमीटरवर. उंच ठेवलात तर दूरची कड वर दिसते. बांबूवर बॅटरच्या उंचीप्रमाणे खुणा करा. १५० सेंटीमीटरच्या पोराला ४०.५ आणि ८०, १७८ च्या पोराला ४८ आणि ९५. वरच्या मर्यादेत दोन चेंडूंचा फरक पडतो. सगळ्या बॅटरना एकच उंची धरणारा पंच इथेच फसतो. आत-बाहेरचं आव्हान मोबाईलवर देऊ नका, तिरक्या कोनामुळे तो खोटं दाखवतो.

प्लेटमागून

बॉल-स्ट्राइकवर वाद घालायला जागा सोडून प्लेटकडे निघालात तर आधी ताकीद मिळते, तरी थांबला नाहीत तर नियमाने बाहेर जावं लागतं. त्यामुळे चौकशी कॅचरने करायची, समोर बघत, हळू आवाजात: "सर, तो बाहेर होता का खाली?" मान वळवून विचारलं की प्रेक्षकांना वाद दिसतो आणि पंच आणखी ताठ होतो. उत्तर आलं की ते पिचरपर्यंत पोचवा. अर्ध्या स्विंगला (बॅट अर्धवट फिरवून थांबवली तेव्हा) बॉल दिला तर कॅचर किंवा प्रशिक्षक बेसवरच्या पंचाला विचारायची विनंती करू शकतो आणि प्लेट अंपायरने विचारलंच पाहिजे. हा हक्क पोरांना माहीतच नसतो. निर्णय नियमाविरुद्ध असेल तर पुढचा चेंडू पडायच्या आत सांगा, नंतर काही बदलत नाही.

सामन्याआधी प्लेटजवळ कर्णधार आणि प्रशिक्षक जमतात तेव्हा खालची मर्यादा पंचाकडून विचारून घ्या: वाटीखालची खोलगट जागा, की गुडघ्याचा वरचा भाग? १९९६ पूर्वी मेजर लीगमध्येही ती गुडघ्याच्या वरच्या भागापर्यंतच होती, आणि जुन्या पुस्तकावर शिकलेले पंच आजही तेच धरतात.