व्हॉट्सॲपवरून कंप्युटरपर्यंत पोचता येतं का?

बांधावरचा:
गावात पोरगं मोबाइल घेऊन बसलं की "वाया चाललंय" म्हणून मोकळे होतो आपण. माझं मत उलटं आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्यांनी कधी माउसला हात लावला नव्हता अशी माणसं व्हॉट्सॲपच्या ओढीने फोन शिकली. ओटीपी टाकणं, फोटो जोडणं, लोकेशन पाठवणं, ॲप अपडेट करणं यासाठी त्यांनी कुठला क्लास लावला नव्हता. म्हणून तर १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची सोय, राज्यभर सुरू झाली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी रानात उभं राहून गट नंबर निवडला, पिकाखालचं क्षेत्र भरलं, फोटो काढला. रेंज नसायची, सर्व्हर बसायचा, तो भाग वेगळा. पण फोटो वर चढवायचा म्हणजे काय, हे सांगायला तलाठी यावा लागला नाही.

फळा-खडू:
साफ असहमत. तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. पहिल्या वर्षाची मुलं रील कापून गाणं लावतात, पण डाउनलोड केलेली पीडीएफ कुठे गेली ते त्यांना सापडत नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना खरी कसोटी लागते. उत्पन्नाचा दाखला ठरावीक केबीत बसवायचा असतो. मुलगी दाखल्याचा फोटो काढते, तो मोठा होतो. मग त्याचा स्क्रीनशॉट घेते, अक्षरं पुसट होतात, अर्ज परत येतो. शेवटी नेट कॅफेवाल्याला सगळं व्हॉट्सॲप करते आणि तिचा पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. फाइल, फोल्डर, साइज या गोष्टी ही ॲप्स डोळ्यांआड ठेवतात. जे कधी दिसलंच नाही ते पोरं शिकणार कुठून?

बांधावरचा:
मॅडम, ती मुलगी निदान पोर्टल उघडून बसली तरी. तिच्या आईला तेही धाडस झालं नसतं. भीती मोडली, हे मी लहान मानत नाही.

सुईदोरा:
फोन मुळात कोणाच्या हातात आहे ते बघा आधी. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांचा 'असर' या शैक्षणिक पाहणीचा २०२३ चा अहवाल आहे. फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८. भावाने दिला तर फोन, नाहीतर नाही. तरी बांधावरच्या दादांचं मला अर्धं पटतं. आमच्या बचत गटातल्या एक ताई ब्लाउजच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेतात. गिऱ्हाइकांची मापं चॅटमध्ये हरवायला लागली तेव्हा भाचीने त्यांना गुगल शीट करून दिली: नाव, छाती, बाही, बाकी रक्कम. आता बाकी रकमेच्या खान्याची बेरीज त्या स्वतः लावतात. व्हॉट्सॲपने त्यांना अडचणीपर्यंत आणलं. पुढचं भाचीने शेजारी बसून शिकवलं.

मोकळी वाट:
व्हॉट्सॲप हे आत शिरायचं दार म्हणता, पण ते दार कोणाच्या मालकीचं आहे, हा प्रश्न राहिलाच. फेसबुकने फ्री बेसिक्स आणलं होतं ते आठवतं? गरिबांना इंटरनेट फुकट, पण कंपनीने स्वीकारलेल्या मोजक्याच साइट्स. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावायला बंदी केली आणि ते इथून गेलं. तेव्हाही "काहीच नसण्यापेक्षा बरं" असंच सांगत होते. नवख्या माणसाला फेसबुक म्हणजेच इंटरनेट वाटायला लागलं, तर तो पुढे जाईल कशाला?

बांधावरचा:
फ्री बेसिक्स गेलं ते बरंच झालं, वाद नाही. पण त्यानंतर अख्खं नेट स्वस्त झालं आणि तरी लोक आधी व्हॉट्सॲपवरच आले, कारण आपली माणसं तिथे होती. शिकवायचं तर तिथून उचलूनच शिकवावं लागेल.

फळा-खडू:
उचलून न्यायचं कुठे? त्याच असर अहवालात घरी कंप्युटर असलेली मुलं ९ टक्के. त्यांतल्या ८५ टक्क्यांना तो वापरता येतो, घरी नसलेल्यांत ३३.९ टक्क्यांनाच. फोन तर जवळपास प्रत्येक घरात पोचलाय, म्हणजे हा फरक फोनने भरून काढलेला नाही. आमच्या कॉलेजची लॅब तास संपला की कुलूपबंद होते, किल्ली ऑफिसात. संध्याकाळी दोन तास ती उघडी ठेवा, सुईदोराताईंच्या भाचीसारखं कोणीतरी मानधनावर बसवा आणि दाखल्याची फाइल मुलींना स्वतः लहान करू द्या. हे मी प्राचार्यांना लेखी दिलंय. तुमच्या गावातल्या शाळेची लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, ते सांगा.