पहिल्या फेरीतली आघाडी

‘पहिल्या फेरीत पुढे तोच नेता’ हे गणित पसंतीक्रमाच्या मतदानात, म्हणजे मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो तिथे, चालत नाही. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली की तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. ब्रिटनच्या लेबर पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत २०१० साली डेव्हिड मिलिबँड तीन फेऱ्या पुढे होते. चौथीत धाकटा भाऊ एड ५०.६५ विरुद्ध ४९.३५ टक्क्यांनी जिंकला. तेव्हा मतं तीन गटांत मोजली जात. गंमत म्हणजे खासदार आणि सभासद, या दोन्ही गटांत डेव्हिडच पुढे! पारडं फिरवलं ते कामगार संघटनांच्या तिसऱ्या गटाने. ही तीन गटांची पद्धत पक्षाने २०१४ मध्ये मोडीत काढली.

आणि एकच पसंती लिहिलीत, तर तो उमेदवार बाद होताच तुमची पत्रिकाही मोजणीबाहेर जाते.