मदत हवी आहे: पगारातला फरक कामगारामुळे की कंपनीमुळे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीतल्या फौंड्री आणि मशीनशॉपच्या पगारपत्रकांवर हिशेब मांडायचा आहे. व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातूकामाचं मशीन) ऑपरेटर, तोच आयटीआय, अनुभव सारखा. तरी गेट बदललं की पगार बदलतो. यात कौशल्य किती, कंपनी किती?

पद्धत आबाउड, क्रामार्झ, मार्गोलिस या अर्थतज्ज्ञांची, १९९९ ची: पगाराचे कामगाराचा वाटा आणि कंपनीचा वाटा असे भाग पाडायचे. ती कंपनी बदलणाऱ्या कामगारांवरच उभी आहे. छोट्या युनिटातून दोघंच बाहेर पडले, तर त्यांचा योगायोगही कंपनीच्या खात्यावर चढतो. कंपनीचा वाटा फुगतो, आणि चांगले कामगार चांगल्या कंपनीत जमतात हे झाकलं जातं. सारख्या पगाररचनेच्या युनिटांचे गट पाडले तर भागेल का? की एक कामगार वगळला तरी बाकीच्यांच्या ये-जा करण्याने एकमेकांशी जोडलेली राहतील, तेवढीच युनिटं ठेवावीत?

हातात पडणारी रक्कम घेणार नाही. दुप्पट दराचा ओव्हरटाइम आणि पीएफची कपात त्यात मिसळते, ईएसआयचे ०.७५ टक्के तर महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच कापतात. म्हणून ओव्हरटाइम वगळून, कपातीआधीचा तासाचा दर काढतोय.

खरी अडचण ठेकेदाराची माणसं. मशीन तेच, शिफ्ट तीच, पण पत्रकावर मालक वेगळा. त्यांना कोणत्या कंपनीत धरायचं? ठेकेदारालाच कंपनी मानलं, तर मूळ कंपनी उगाच जास्त पगार देणारी दिसते. असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.