आदेशात ‘शासनाने प्रदान केलेले अधिकार’ लिहिलंय, मग अपील कुणाकडे?

ओझरचा_धाकटा
नमस्कार. निफाड तालुक्यात आमचं देशी दारूचं दुकान आहे, परवाना वडिलांच्या नावावर. जागामालक जागा विकतोय म्हणून स्थलांतराचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. आदेशात “शासनाने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून” असं वाक्य आहे, खाली एका वरिष्ठ अधिकाऱ्यांची सही. वडील म्हणतात, मंत्रालयात अपील करू. वकील म्हणतात, टिकणार नाही. अधिकाऱ्याच्या वर शासन असतंच ना?

सातपूरकर
सरळ मंत्र्यांकडे अर्ज टाक भाऊ. सगळे तेच करतात.

जुनं_टेबल
सातपूरकर, अशा सल्ल्यानेच लोकांची मुदत निघून जाते.

धाकट्या, मी याच खात्यात, म्हणजे राज्य उत्पादन शुल्कात, कारकुनी करून निवृत्त झालो. तुझं सगळं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम १३७ मध्ये अपिलाची उतरंड आहे: जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर आयुक्तांकडे, आयुक्तांच्या आदेशावर शासनाकडे. कलम १३८ मध्ये शासनाला पुनरीक्षणही आहे, म्हणजे खालचा आदेश पुन्हा तपासायचा अधिकार. पण ही उतरंड अधिकाऱ्याने स्वतःचे अधिकार वापरले तेव्हाची. शासनाचेच अधिकार वापरून सही केली, तर तो आदेश शासनाचाच धरला जातो. मग शासन स्वतःच्याच आदेशावर अपील कसं ऐकणार? सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये रूपचंद विरुद्ध पंजाब राज्य या जमीन एकत्रीकरणाच्या खटल्यात हेच सांगितलं. तुझ्या वकिलांच्या डोक्यात बहुधा तेच असावं. तसं असेल तर वाट उच्च न्यायालयाची, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेची. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे येतो, औरंगाबाद खंडपीठाकडे नाही.

त्याआधी आदेशावरचा ‘संदर्भ’ वाच. अधिकार ज्या अधिसूचनेने दिले तिचा क्रमांक आणि तारीख तिथे असायला हवी. ती मिळव आणि शब्द न् शब्द बघ. स्थलांतराचा अधिकार त्यात आहे का? काही अटी आहेत का? सही करणारं पद तेच आहे का? अधिकार ज्याला दिला त्याने तो कायद्याची मुभा असल्याशिवाय खाली सरकवायचा नसतो. सुनावणी एकाने घेतली आणि आदेश दुसऱ्याने काढला, असं झालंय का तेही वडिलांना विचार.

अधिकार खाली द्यावेत या मताचा मी आहे. प्रत्येक फाईल मंत्रालयात गेली तर ३१ मार्चला परवान्याचं वर्ष संपतं तरी निर्णय नसतो. पण माणसाची अपिलाची एक पायरी जात असेल, तर ते आदेशात ठळक लिहायलाच हवं. नोटशीटवर, म्हणजे फाईलमधल्या शेऱ्यांच्या पानांवर, मी हे अनेकदा मांडलं.

दिंडोरीची_ताई
काका, दुकान आमच्या गावात येत असेल तर आमचीही पायरी जाते. बायकांनी कुठे जायचं? २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या जमवून दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येतं, पण ते दुकान आल्यावर.

जुनं_टेबल
ताई, खरं आहे. तुमच्यासाठी आधीच हालचाल करणं महत्त्वाचं. ग्रामसभेचा ठराव करा, उत्पादन शुल्क अधीक्षक आणि जिल्हाधिकारी दोघांकडे द्या, पोच घ्या. हरकत फाईलवर असेल तर अधिकार कुणीही वापरो, तिला उत्तर न देता काढलेला आदेश न्यायालयात कमकुवत ठरतो.

ओझरचा_धाकटा
काका, संदर्भात फक्त आमच्या अर्जाची तारीख आहे. अधिसूचनेचा क्रमांकच नाही.

जुनं_टेबल
मग उद्याच माहिती अधिकारात अर्ज टाक. अधिसूचनेची आणि पूर्ण नोटशीटची प्रत माग. आणि आदेश कोणत्या तारखेला हाती आला, तो लिफाफा जपून ठेव.