जननेंद्रियावरचा व्रण आणि खाटेवरची लाल पाटी

त्वचारोगतज्ज्ञ, नांदेड : जननेंद्रियावर व्रण असलेल्या प्रत्येक रुग्णाला कोपऱ्यातली खाट द्यावी, तिला लाल पाटी अडकवावी आणि ताटवाटीही वेगळी ठेवावी, असे सुचवणारी पोस्ट काल वाचली आणि संताप आला. अशा व्रणामागच्या सिफिलिसचा, म्हणजे गरमीचा, जंतू शरीराबाहेर फार काळ तगत नाही आणि ताटातून पसरत नाही. व्रण तपासताना हातमोजे घालणे, नंतर हात धुणे आणि सुया जपून टाकणे ही सर्वच रुग्णांसाठीची खबरदारी इथेही पुरते. हर्पीस (विषाणूमुळे फोड येणारा आजार) अंगभर पसरली असेल किंवा पहिल्याच वेळी तीव्र असेल, तर तपासणाऱ्याच्या अंगावर गाऊनही हवा. एमपॉक्सचा (मंकीपॉक्सचा) संशय असेल, तर वेगळी खोलीही हवी. बाकीच्यांना पाटी लावून आपण फक्त त्यांची अब्रू घालवतो.

परिचारिका, सोलापूर : मॅडम, रोगाचे निदान तुम्ही सकाळी राउंडला सांगता, ड्रेसिंग आम्ही रात्री करतो. हातमोजा फाटल्याचे लक्षात न आल्याने माझ्या एका सहकारी बाईंच्या बोटाच्या टोकाला हर्पीसचे फोड आले आणि ठणक्याने त्या रात्र रात्र जागल्या. पाटी नको हे मान्य, पण आम्हाला आधी कळायला हवे.

त्वचारोगतज्ज्ञ, नांदेड : ते केसपेपरवर लिहा, खाटेवर नको.

ग्रामीण डॉक्टर : निदान एवढे सोपे असते का? न दुखणारा, कडक बुडाचा एकच व्रण म्हणजे गरमी, पुंजक्यातले दुखरे फोड म्हणजे हर्पीस, हे पुस्तकात ठीक आहे. माझ्याकडे येणारा माणूस आधी मेडिकलमधले स्टेरॉइडचे मलम चोळून आलेला असतो, त्यामुळे खूण उरत नाही. म्हणून मी व्रणासाठीच्या सरकारी औषधांचे पेनिसिलिन असलेले पांढरे किट न देता पेनिसिलिन नसलेले निळे देतो. पेनिसिलिनची रिअॅक्शन आली तर गावकरी मला सोडणार नाहीत.

लॅब टेक्निशियन : सुरुवातीच्या दिवसांत व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणी, निगेटिव्ह येऊ शकते. तो कागद दाखवून रुग्णाला घरी पाठवू नका, चाचणी पुन्हा करा आणि एचआयव्हीचीही त्याच्या संमतीने करा.

त्वचारोगतज्ज्ञ, नांदेड : निळे किट पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या रुग्णासाठी आहे, डॉक्टरच्या भीतीसाठी नाही! आमच्याकडे आलेल्या एका गरोदर बाईला आधी नुसत्या अझिथ्रोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकावर ठेवले होते आणि तिचे बाळ सिफिलिस घेऊनच जन्मले. पोटातल्या बाळाला वाचवणारे खात्रीचे औषध पेनिसिलिनच आहे. बेंझाथीन पेनिसिलिनच्या 24 लाख युनिटच्या एका इंजेक्शनने सुरुवातीचा आजार बरा होतो, आणि ते तुम्ही कपाटात ठेवता?

ग्रामीण डॉक्टर : शहरात बसून बोलणे सोपे आहे. मदतीला माणूस नाही, रुग्णवाहिका तासाभराने येते.

परिचारिका, सोलापूर : डॉक्टर, आमच्याकडे आधी अॅलर्जी विचारून, रिअॅक्शनवरचे अॅड्रेनॅलिन हाताशी ठेवून इंजेक्शन देतात आणि रुग्णाला अर्धा तास समोर बसवतात. हे तुमच्याकडेही जमेल.

ग्रामीण डॉक्टर : अॅड्रेनॅलिनचा पुरवठा नियमित झाला, तर गरोदर बायकांना तरी मी देईन, बाकीच्यांचे नंतर पाहू. मात्र नवऱ्यालाही त्याच दिवशी बोलवा, नाहीतर महिन्याभरात ती पुन्हा तोच आजार घेऊन येईल.