आधी पुस्तक की आधी मालिका? नाशिकच्या वाचनगटासाठी जोड्या सुचवा

इंदिरानगरी

नमस्कार मंडळी. आमचा चौदा जणांचा वाचनगट आहे, बहुतेक सगळे निवृत्त. जूनपासून दिवाळीपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक आणि त्यावरची जुनी मालिका असा बेत आहे. रविवारी दुपारी चार ते सहा, एकांच्या दिवाणखान्यात, ४३ इंची टीव्हीवर यूट्यूब लावून.

चाचणी म्हणून ‘मालगुडी डेज’ घेतलं आणि दोन गोष्टी बिनसल्या. सगळ्यांना मालिकेतला छोटा स्वामी हवा होता, तो पुस्तकात फारसा भेटलाच नाही, त्यामुळे पुस्तकावर नाराजी. आणि पडद्यावर माणसं बुटकी, फुगलेली दिसत होती. पुस्तक आधी वाचावं की मालिका आधी बघावी? कुठल्या जोड्या जमतात, कुठल्या निराश करतात? चित्राचं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

गंगापूर रोड

ताई, ‘मालगुडी डेज’ पुस्तकावर अन्याय झालाय. सध्या सगळीकडे मिळतो तो १९८२ चा ३२ कथांचा संग्रह. त्यात स्वामी ‘फादर्स हेल्प’ या एकाच कथेत येतो. शंकर नाग यांनी मालिका करताना एका पुस्तकावर काम केलं नाही, आर. के. नारायण यांची वेगवेगळी पुस्तकं एकत्र केली. सुरुवातीचे स्वामीचे भाग ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या १९३५ च्या कादंबरीतले, आणि अनंत नाग जगन झालेत ते भाग ‘द व्हेंडर ऑफ स्वीट्स’ या १९६७ च्या कादंबरीतले. म्हणजे पडद्यावर एक नाव आणि कपाटात तीन पुस्तकं. स्वामीसाठी गट जमत असेल तर ‘स्वामी अँड फ्रेंड्स’च मागवा. वाचनालयात मागताना पूर्ण नाव सांगा, नुसतं ‘स्वामी’ म्हटलं की रणजित देसाईच हातात येणार.

३२ कथांचा संग्रह ठेवायचाच असेल तर ‘द मिसिंग मेल’ आणि ‘इंजिन ट्रबल’ या दोनच घ्या. प्रत्येकी वीसेक मिनिटांत मोठ्याने वाचून होतात, लगेच भाग लावता येतो. ‘मिसिंग मेल’मध्ये पोस्टमन थानप्पा एका घरची लग्नघाई पाहून एक पत्र आणि एक तार दडवून ठेवतो. कथेत नारायण त्याबद्दल एक शब्दही समजावून सांगत नाहीत, शेवट दोन-चार वाक्यांत आटोपतात. पडद्यावर तेच काम चेहऱ्यांना करावं लागतं आणि तिथे ते उत्तम झालंय. आगुंब्यातलं चित्रीकरण, आर. के. लक्ष्मण यांची शीर्षकचित्रं, एल. वैद्यनाथन यांचं संगीत, यातलं काहीच जुनं वाटत नाही. ‘इंजिन ट्रबल’ची मजा मात्र सांगणाऱ्याच्या बोलण्यात आहे, ती कागदावर जास्त लागते.

आता रणजित देसाईंच्या ‘स्वामी’बद्दलही बोलूनच टाकतो, कारण नाशिककरांसाठी ही जोडी हक्काची आहे. कादंबरी १९६२ ची, मालिकेत रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई. कादंबरी आधी वाचा. तिचं बळ घरातल्या संवादांत आहे: माधवराव आणि रमाबाई, माधवराव आणि राघोबादादा. मालिकेने तेवढंच उचललं आणि चांगलं निभावलं. लढाया मात्र बंद दालनात बसून सांगितल्यासारख्या वाटतात, भव्यतेची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. दोन्हींत कालक्रम निसटतो, म्हणून एका कागदावर एवढं लिहून भिंतीला लावा: पानिपत जानेवारी १७६१, त्याच वर्षी सोळाव्या वर्षी माधवरावांना पेशवाई, राक्षसभुवनची लढाई ऑगस्ट १७६३, धोडपची लढाई जून १७६८, थेऊरला मृत्यू नोव्हेंबर १७७२. यातला धोडप आपल्याच जिल्ह्यातला, काकांचा पराभव पुतण्याने तिथेच केला. माधवरावांच्या आई गोपिकाबाईंनी शेवटची वर्षं इथे गंगापूरला काढली आणि राघोबांची आनंदवल्ली तर रोजच्या रस्त्यावरची. सप्टेंबरमध्ये पाऊस उघडला की चर्चेचा एक रविवार तिकडेच ठेवा.

जुनी टेप

चित्राचं उत्तर देतो. त्या काळच्या मालिका ४:३ (रुंदी:उंची) चौकटीसाठी काढलेल्या, तुमचा टीव्ही १६:९. टीव्ही चित्र ताणून पडदा भरतो तेव्हा रुंदी ३३ टक्के वाढते, म्हणून माणसं बुटकी-जाडी. ‘झूम’ केलं तर ताण जातो पण वरखाली मिळून चौथा हिस्सा उंची कापली जाते. तेव्हाचे कॅमेरामन कपाळ चौकटीच्या वरच्या कडेला ठेवत, त्यामुळे कपाळ जातं, खालची नावंही जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असणं हेच बरोबर आहे. प्रत्येक पट्टी पडद्याच्या साडेबारा टक्के. गटात कोणी ‘पडदा पूर्ण भरत नाही’ म्हटलं तरी हात लावू देऊ नका.

रिमोटवर पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशो शोधा. पण आधी फाइल कशी चढवली आहे ते ओळखा. पट्ट्या आधीच चित्रात असतील तर टीव्ही १६:९ किंवा ‘ओरिजिनल’वर ठेवा. तिथे ४:३ निवडलंत तर सगळे उंच आणि बारीक होतील. चढवणाऱ्यानेच चित्र ताणून टाकलं असेल तरच ४:३ निवडा, ताण निघून जाईल. काय बरोबर ते पाहायला गोल वस्तू शोधा: थाळी, बैलगाडीचं चाक, भिंतीवरचं घड्याळ. ती गोल दिसली की थांबा. काही टीव्ही यूट्यूब चालू असताना हा पर्याय बंद करतात. मग त्याच भागाची दुसऱ्या कोणी चढवलेली प्रत शोधणं सोपं पडतं.

‘मोशन स्मूदनिंग’ बंद करा, वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात. मूळ चित्र सेकंदाला २५ चौकटींचं, मधल्या चौकटी टीव्हीने बनवल्या की हालचाल तेलकट दिसते. शार्पनेस शून्याजवळ आणा. जुन्या टेपमध्ये खरी बारकाई कमी आणि दाणे जास्त, शार्पनेस दाणेच वाढवतो. हलत्या हाताभोवती कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर तो टीव्हीचा दोष नाही. प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत नोंदलेली असते आणि फाइल बनवताना ते भाग नीट जोडलेले नसतात. डीव्हीडी असेल तर लॅपटॉप एचडीएमआयने जोडा आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू करा.

आवाज एकाच वाहिनीचा असतो. सराउंड किंवा सिनेमा मोड त्याला पोकळ करतो, स्पीच किंवा व्हॉइस मोड ठेवा. तुमच्या गटाला हे चित्रापेक्षा जास्त जाणवेल. आणि फार जवळ बसू नका. ४३ इंची पडद्याची उंची साधारण ५३ सेंटिमीटर, ५७६ रेषांच्या चित्राला उंचीच्या सहापट अंतर हवं, म्हणजे दहा फुटांच्या आसपास. चौदा जण एका ओळीत मावणार नाहीत. पुढची रांग सतरंजीवर, मागची खुर्च्यांवर.

पंचवटीकर

गंगापूर रोड दादांच्या बाकी सगळ्याला अनुमोदन, पण ‘आधी पुस्तक’ हा नियम सरसकट लावू नका. ‘तमस’ला तो उलटा लागतो.

भीष्म साहनींच्या कादंबरीला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार. मार्च १९४७ मधल्या रावळपिंडीकडच्या दंगली हा विषय. तिला एक नायक नाही. नत्थूपासून सुरुवात होते, मग तो बराच वेळ बाजूला पडतो आणि आपण काँग्रेस कमिटी, डेप्युटी कमिशनर, गुरुद्वारा, एकेक गाव असे फिरत राहतो. पन्नासएक पानांनंतर वाचक विचारतो, ‘हा कोण, मघाचा की नवा?’ आणि पुस्तक खाली ठेवतो. गोविंद निहलानींनी १९८८ च्या रूपांतरात नत्थू आणि त्याच्या बायकोचा धागा शेवटपर्यंत ओढला, ओम पुरी आणि दीपा साही यांच्यावर. त्यामुळे माणसं लक्षात राहतात. आधी बघितलं की कादंबरीतली गर्दी ओळखीची होते आणि मग कळतं की पुस्तक मालिकेपेक्षा कठोर आहे. पडद्यावर नत्थूसाठी रडता येतं, पुस्तक तेवढी सोय ठेवत नाही. कादंबरी संथ वाटली, निराश झालो असं म्हणणाऱ्यांनी तिला नायकाच्या गोष्टीच्या मापाने मोजलेलं असतं.

एकूण लांबी जवळजवळ पाच तास. तीन रविवार, प्रत्येकी शंभर मिनिटं, चर्चा चौथ्या रविवारी. पहिल्याच प्रसंगात रात्रभर डुक्कर मारण्याची धडपड आहे, ते आधी सांगून ठेवा, ज्यांना सोसणार नाही त्यांनी पंधरा मिनिटं उशिरा यावं. हरनाम सिंग झालेले स्वतः भीष्म साहनी आहेत आणि बंतो म्हणजे दीना पाठक, त्या दोघांचे प्रसंग आले की गप्पा पूर्ण थांबवा. पुस्तक मूळ हिंदीतच वाचा. दर चार पानांना एखादा उर्दू-पंजाबी शब्द अडेल, पण वाक्यं सोपी आहेत.

‘भारत एक खोज’ मात्र या बेतात घेऊ नका. चांगलं नाही म्हणून नव्हे, उलट श्याम बेनेगलांचं ते काम मी पहिल्या पाचांत ठेवीन. पण ५३ भाग आहेत, आठवड्याला एक धरला तरी वर्ष जातं. शिवाय मूळ पुस्तक ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि मालिका समांतर चालत नाहीत. नेहरूंनी ते पुस्तक नगरच्या किल्ल्यात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत लिहिलं. ते चिंतन आहे, त्यात प्रसंग कमी. मालिकेने नाटकं, महाकाव्यं, बखरी धुंडाळून प्रसंग आणले. ‘या भागाचं प्रकरण कुठलं?’ असं शोधत बसलं की दोन्हींचा आनंद जातो. हवे तर छत्रपती शिवाजी महाराजांवरचे दोन भाग सुटे बघा, नसीरुद्दीन शाह यांचे.

इंदिरानगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काळ्या पट्ट्या ठेवून दोन भाग पुन्हा लावले, लगेच फरक पडला. हलकंफुलकं आणि रहस्यकथा असं काही सुचवाल का? गटात ‘चिमणराव’ आणि ‘व्योमकेश बक्षी’ ही नावं निघाली आहेत.

रविवार कारंजा

व्योमकेश जरूर घ्या, पण क्रम चुकवू नका. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या पूर्ण झालेल्या व्योमकेश-कथा ३२. पहिली वाचायची ती ‘सत्यान्वेषी’, कथा सांगणारा अजित आणि व्योमकेश यांची भेट तिथे होते. हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद घेताना अनुक्रमणिकेत ती आहे का ते आधी पाहा, निवडक कथांच्या पुस्तकांत ती असेलच असं नाही. या कथेत एका माणसाच्या ओळखीवर सगळा डाव आहे. बासू चटर्जींच्या १९९३ च्या मालिकेत राजित कपूर यांचा चेहरा आपल्याला माहीत असतो, म्हणून तो डाव आधीच उघडा पडतो. इथे पुस्तक आधी, यात तडजोड नको.

तीन चतुर्थांश कथा वाचून थांबा, प्रत्येकाने चिठ्ठीवर संशयिताचं नाव आणि एक कारण लिहावं, मग उरलेलं वाचा, शेवटी भाग बघा. एका बैठकीत एकच कथा. मालिकेची घाई शेवटच्या पाच मिनिटांत जाणवते: पुस्तकात अजित आपल्याला बरोबर घेऊन फिरवतो, पडद्यावर त्याचं निवेदन गेल्यामुळे व्योमकेशला सगळं एका दमात सांगावं लागतं. के. के. रैना अजित म्हणून इतके चांगले आहेत की हे आणखीच खटकतं.

चिमणरावांची अडचण वेगळी आहे. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या त्या मालिकेचे फार थोडे भाग आज बघायला मिळतात. तेव्हा टेप महाग, एकीवरच पुन्हा चित्रमुद्रण होई. महिनाभराचा कार्यक्रम त्यावर उभा राहणार नाही. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’मधली एक कथा मोठ्याने वाचा, मिळेल तो भाग लावा, एक रविवार पुरे. वाचणारा हसला की कथा संपली. चि. वि. जोशींचा चिमणराव स्वतः अगदी गंभीरपणे बोलतो, त्याच सुरात वाचायला हवं.

पूर्ण महिना हलकाफुलका हवा तर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. ती मालिका प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या सदरावरून आली. इथे कुठूनही सुरुवात केली तरी चालते. मालिका २००१ ची, दूरदर्शनच्या काळातली नाही, पण तुमच्या गटाला ते चालेल असं वाटतं.

गंगापूर रोड

प्रतींचं राहिलं. चौदा जणांना पाच प्रती पुरतात, जर तीन-तीनचे गट करून प्रत्येकाला दहा दिवस दिलेत तर. टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात आधी चौकशी करा, १८४० ची संस्था आहे, जुन्या मराठी पुस्तकांसाठी दुसरीकडे जायची गरज बहुधा पडत नाही. जुन्या प्रती झेरॉक्सला उघड्या दाबू नका, कागद कडेला तुटतो. वाचायच्या कथेची पानं वरून मोबाइलने टिपली तर पुस्तकाला धक्का लागत नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेटीबद्दलही विचारून ठेवा. आणि विकत घेताना मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ लिहिलंय का ते बघा. संक्षिप्त आणि पूर्ण प्रती एकाच गटात आल्या की चर्चेत पानांचे आकडे जुळत नाहीत, अर्धा तास त्यातच जातो.

इंदिरानगरी

ठरलं. जून ‘स्वामी अँड फ्रेंड्स’, जुलै व्योमकेश, ऑगस्ट ‘तमस’ (आधी मालिका), सप्टेंबर ‘स्वामी’ आणि आनंदवल्लीचा फेरा, ऑक्टोबर टिपरे आणि एक रविवार चिमणराव. कालक्रमाचा कागद लिहून तयार आहे.